ग्राफ एक सांगतो, कान दुसरंच सांगतात. हेडफोन घेताना कोणाचं ऐकायचं?

घोडबंदरकर
मंडळी, नवीन हेडफोन घ्यायचाय, वायरवाला, फक्त घरी ऐकायला. ऐकणं म्हणजे मुख्यतः नाट्यसंगीत, जुनी भावगीतं, थोडं शास्त्रीय. दोन मॉडेलवर येऊन अडकलोय. पहिला ओपन-बॅक, म्हणजे कप मागून उघडे, त्याचा फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्सचा ग्राफ (खालच्या सुरांपासून वरच्यापर्यंत कुठला सूर किती मोठा वाजतो त्याची रेघ) हार्मन टार्गेटला, म्हणजे हार्मन या ऑडिओ कंपनीने ठरवलेल्या आदर्श रेघेला, जवळजवळ चिकटून जातो, फक्त खाली बेस थोडा उतरतो, सगळे म्हणतात डोळे झाकून घे. दुसरा क्लोज्ड-बॅक, म्हणजे कप मागून बंद, त्याला २०० हर्ट्झच्या आसपास चांगलाच उंचवटा आणि ३ किलोहर्ट्झला खड्डा, रिव्ह्यूवाले त्याला उभा करत नाहीत. दोन्ही दुकानात जाऊन ऐकले आणि मला दुसराच आवडला, बाईंचा आवाज भरदार वाटला, हार्मोनियम अंगावर आली नाही. ऐरोलीचा मित्र म्हणतो तुझे कान बिघडलेत, माप खोटं बोलत नाही. मला खरंच समजून घ्यायचंय की माप जर बरोबर असेल तर मला आवडलं ते नक्की काय? आणि पैसे कशावर टाकू?

नेरूळ_पूर्व
मित्राला एक गोष्ट सांग, ती ग्राफवरची टार्गेट रेघ आकाशातून पडलेली नाही, ती माणसांना विचारूनच काढलीय. हार्मनमध्ये शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी २०१३ च्या आसपास हे काम सुरू केलं. लोकांना ब्रँड कळू नये, कपांचं वजन नि गादी यावरून ओळखता येऊ नये म्हणून त्यांनी काय केलं, तर एकच हेडफोन सगळ्यांच्या डोक्यावर ठेवला आणि इक्वलायझर (वेगवेगळे सूर कमीजास्त करायची सोय) लावून त्याच्यातून बाकीच्या हेडफोन्सची नक्कल ऐकवली, आणि विचारलं कुठला आवडला. त्यातून बहुतेकांना आवडणारी जी वळणं निघाली ते हार्मन टार्गेट. म्हणजे ते आवडीचंच माप आहे, फक्त पुष्कळ लोकांच्या आवडीचं.

आणि त्यातही सगळे एका माळेत बसत नाहीत. त्यांच्याच नंतरच्या अभ्यासात साधारण ६४ टक्के लोक टार्गेटच्या बाजूचे, २१ टक्क्यांना बेस त्याहून कमी हवा होता आणि १५ टक्क्यांना जास्त. म्हणजे तिघांतला एक जण रेघेपासून थोडा बाजूला आहेच, त्याचे कान बिघडलेत असं कोणी म्हणत नाही.

अजून एक, ग्राफवर सपाट रेघ म्हणजे सपाट आवाज असं धरू नकोस. आपला कानाचा पाळा आणि कानाची नळी मिळून ३ किलोहर्ट्झच्या आसपास आवाज दहा-एक डेसिबलनी वाढवतात, निसर्गतःच. मापायचं नकली डोकं पण तसंच बनवलेलं असतं, म्हणून चांगल्या हेडफोनच्या ग्राफवर तिथे डोंगर दिसायलाच हवा. तुझ्या क्लोज्ड-बॅकला नेमका तिथेच खड्डा आहे म्हणजे शब्दांची धार, हार्मोनियमच्या पत्तीची किरकिर, सगळं मागे गेलं. तुला आवडलं ते बहुतेक हे.

वाशी_ठाणे_अपडाऊन
मी नाटकांना साऊंड करतो, मला आधी एकच विचारायचंय, दुकानात दोन्ही एकाच आवाजावर ऐकलेस का? फोनचा व्हॉल्यूम एकच ठेवला म्हणजे आवाज एक झाला असं नसतं रे, प्रत्येक हेडफोनची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच विजेवर किती मोठा वाजतो) वेगळी, इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) वेगळा. आणि दोनातला एक डेसिबलभर जरी मोठा असला तरी माणूस "हा मोठा आहे" असं म्हणत नाही, तो म्हणतो "हा जास्त भरदार आहे, हा जास्त मोकळा आहे". हे माझ्याही कानांना होतं, तुमच्याही, सरावाने जात नाही. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिलं की हळू आवाजात आपल्याला खालचे सूर फारच कमी ऐकू येतात, आवाज वाढवला की बेस आपोआप भरून येतो. रात्री घरचे झोपल्यावर हळू ऐकणार असशील तर बेस थोडा जास्त हवासा वाटणारच, त्यात आवडीपेक्षा कानाच्या घडणीचा भाग जास्त. आणि दुकानात तर बाहेर ट्रॅफिक, आत एसी, ही घरघर सगळी खालच्या सुरांचीच, ती नेमका बेस खाऊन टाकते. ओपन-बॅकला तर काही आडच नाही, तिथे तो पातळ वाटला यात नवल नाही.

चष्मा_घणसोली
कोणीच बोललं नाही म्हणून मी सांगते. चष्मा आहे का तुम्हाला? माझा जाड काडीचा आहे, वर केस लांब, आणि क्लोज्ड-बॅकची गादी कानाभोवती नीट बसतच नाही, फट राहते आणि त्या फटीतून बेस निघून जातो. मी काड्या वर करून ऐकलं तर अक्षरशः दुसराच हेडफोन वाटतो. ग्राफ काढणाऱ्या नकली डोक्याला ना चष्मा ना केस, त्यामुळे ग्राफमधला बेस माझ्या डोक्यावर पोहोचतच नाही. गादी जुनी होऊन दबली की पण तेच, ड्रायव्हर, म्हणजे आतला छोटा स्पीकर, कानाच्या जवळ येतो आणि सगळा सूर बदलतो. इन-इअर, म्हणजे कानात घालायचा, असेल तर अजून कठीण, टिप थोडी आत-बाहेर झाली की ८ किलोहर्ट्झच्या आसपासचं टोक सरकतं, म्हणून ग्राफमध्ये त्या भागात काढलेली बारीक टोकं मी फार मनावर घेत नाही. तिथे स्वतःच्या कानात घालून ऐकणं हाच उपाय. माझ्या मते मापापासून सुरुवात करावी पण स्वतःच्या डोक्यावर नक्की तपासावं.

डग्गा_नौपाडा
मी वयाने मोठा आहे म्हणून थोडं स्पष्ट बोलतो. पन्नास वर्षं बैठकीत बसून ऐकलंय, रंगायतनला मागच्या रांगेतून ऐकलंय, समोर बसून पण ऐकलंय. डग्ग्यावर तळहाताने घिस्सा दिला की जो घुमारा येतो तो कुठल्या रेघेत दिसतो ते मला दाखवा. घोडबंदरकर, तुम्हाला बाईंचा आवाज भरदार वाटला ना, मग घ्या तोच.

नेरूळ_पूर्व
काका, तुमच्या कानांना मान आहेच, पण घुमारा रेघेत दिसतो. डग्ग्याचा घुमारा साधारण १०० हर्ट्झच्या आजूबाजूला आणि खाली, ढोलकीच्या धुमाची बाजू पण तिथेच. आता पट्ट्या घ्या, म्हणजे पेटीच्या ज्या पट्टीवर गाणारा आपला सा धरतो ती. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंचा मध्य षड्ज येतो सुमारे २०८ हर्ट्झवर, काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा १३९ वर. हार्मनवाल्यांनी जो बेस वाढवलाय तो साधारण १०५ हर्ट्झच्या खाली, म्हणजे डग्गा भरतो पण गाणाऱ्याला हात लागत नाही. घोडबंदरकरला आवडलेल्या हेडफोनचा उंचवटा २०० ला आहे, बरोबर बाईंच्या षड्जावर बसलाय. ऐकणारा खोटं बोलत नाहीये आणि ग्राफही नाही, दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतायत.

भानगड इथे आहे की तोच उंचवटा सगळ्या गाण्यांना चिकटतो. जुन्या ७८ च्या तबकड्यांत, त्यातही १९२५ मध्ये विजेवरचं रेकॉर्डिंग सुरू होण्याआधीच्या, खालचा भाग जवळपास नसतोच, वरचाही कापलेला, तिथे हा उंचवटा छान आधार देतो. नंतरच्या चांगल्या स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगवर मात्र तोच आवाज घशात अडकल्यासारखा होतो, तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेची ती झणझणती गुंज, दबते. रेकॉर्ड करणाऱ्याने कुठल्या स्पीकरवर ऐकून ते बनवलं तेही आपल्याला माहीत नसतं, त्यामुळे एकाच हेडफोनवर सगळी रेकॉर्डिंगं बरोबर वाजतील ही अपेक्षाच चुकीची.

डग्गा_नौपाडा
पट्टीचं पटलं. हे अशा भाषेत कोणी सांगितलं नव्हतं. जवारी दबते हेही खरं, काही हेडफोनवर तंबोरा नुसता गुणगुणतो, उघडत नाही, मला वाटायचं रेकॉर्डिंगच तसं आहे.

घोडबंदरकर
चष्मा नाही. व्हॉल्यूम मात्र दुकानात एकच होता, जुळवला नव्हता. आणि मी ऐकलेली सगळी गाणी जुनीच होती, नवीन रेकॉर्डिंग लावलंच नव्हतं. मग आता करू काय? परत दुकानात जाऊ?

वाशी_ठाणे_अपडाऊन
जा, पण तयारीने जा. फोनवर पॅरामेट्रिक इक्वलायझरचं, म्हणजे हवा तो सूर निवडून कमीजास्त करता येतो असं, एखादं ॲप घे. ओपन-बॅकवर २०० हर्ट्झला रुंद असा ३ डेसिबल चढव, ३ किलोहर्ट्झला ३ डेसिबल उतरव, आणि प्रीअॅम्प (ॲपमधला एकूण आवाज) तेवढाच खाली घे नाहीतर आवाज फाटेल. मग तेच गाणं क्लोज्ड-बॅकवर इक्वलायझर बंद करून ऐक, दोन्हींचा आवाज कानाने जमेल तितका सारखा कर, आधी जो जास्त आवडतो तो जरा हळू ठेवूनच ऐक. एक जुनं गाणं, एक नवं रेकॉर्डिंग, एक नुसता तबला. ओपन-बॅकवर तुला हवा तो भरदारपणा आला तर तोच घे, कारण तो चढ हवा तेव्हा बंद करता येतो, हेडफोनच्या घडणीतच असलेला खड्डा बुजवणं जास्त कटकटीचं.

चष्मा_घणसोली
आणि घरी शेजारी कोणी झोपलेलं असेल तर ओपन-बॅकचा आवाज बाहेर येतो हे विसरू नका, चांगलाच येतो.

घोडबंदरकर
अरे हो, हे लक्षातच नव्हतं, बेडरूम एकच आहे आमची. शनिवारी जातो, ॲप टाकून. क्लोज्ड-बॅकमध्ये २०० चा उंचवटा नसलेला पण गादी मऊ असलेला कुठला असेल तर तोही सांगा, तिसरा म्हणून ऐकून येतो.