सुलोचनादीदी आमच्या खडकलाटच्या

अभिनेत्री सुलोचनादीदी मूळच्या कोल्हापूरच्या, असं कुणी कुणी म्हणतं. थोडी दुरुस्ती करतो. जन्म ३० जुलै १९२८, गाव खडकलाट, बेळगाव जिल्हा. आम्हा निपाणीकरांना हे अभिमानानं सांगावंसं वाटतं. कोल्हापूर ही त्यांची कर्मभूमी. तिथं दिग्दर्शक भालजी पेंढारकरांच्या तालमीत त्या घडल्या आणि सीमेवरच्या खेड्यातली ही मुलगी पडद्यावर जिजाऊ झाली.

हिंदीत त्या ‘आई’ म्हणूनच लोकांच्या लक्षात राहिल्या, याची मला खंत वाटते. ‘वहिनींच्या बांगड्या’ (१९५३) बघा. नायिका म्हणून अख्खा चित्रपट त्यांनी तोलून धरलाय, तोही आवाज न चढवता! आमची आजी तर त्यांना ‘वहिनी’च म्हणायची. पुढं पद्मश्री (१९९९), महाराष्ट्र भूषणही मिळालं. २०२३च्या जूनमध्ये त्या गेल्या, तेव्हा घरचंच माणूस गेल्यासारखं वाटलं.