कमी वेगाच्या ग्लायडरवर एनएसीए २४१५ इतका निराशाजनक का ठरतो?

संथवारा (मूळ प्रश्न)

हाताने सोडायच्या ग्लायडर मॉडेलसाठी मी एनएसीए (नासाची पूर्वसुरी असलेली अमेरिकी विमानसंशोधन संस्था) २४१५ हा एअरफॉइल, म्हणजे पंखाचा छेद, निवडला आहे. पंखांचा विस्तार १.४ मीटर, कॉर्ड (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी) सर्वत्र १२ सेंटिमीटर आणि एकूण वजन ३५० ग्रॅम आहे. सेकंदाला ८ मीटर वेग धरला तर लिफ्ट गुणांक (वेग आणि पंखाचे क्षेत्रफळ वगळून काढलेले उचलीचे माप) ०.५२ च्या आसपास येतो आणि एनएसीएच्या जुन्या तक्त्यांनुसार या स्थितीत ड्रॅग (हवेचा विरोध) अगदी किरकोळ असायला हवा. प्रत्यक्षात मात्र ग्लायडर हिशेबापेक्षा बराच लवकर खाली येतो. शिवाय नाक जरा वर केले की लिफ्ट वाढण्याऐवजी एकाएकी गळते आणि नाक पुष्कळ खाली नेल्याशिवाय पूर्ववत होत नाही. पंखाचा पृष्ठभाग घासून अगदी गुळगुळीत केला, तरीही फरक पडला नाही. दोष पंखाच्या घडणीत आहे, की हे तक्तेच या वेगाला लागू पडत नाहीत?

आणखी एक गोष्ट विचारायची आहे. आडव्या शेपटीची कॉर्ड ७ सेंटिमीटर असून तिला एनएसीए ००१२ हा सममित छेद दिला आहे. एलिव्हेटर (शेपटीचा हलणारा भाग) मधल्या स्थितीच्या आसपास थोडासा हलवला, तर विमान जणू दखलच घेत नाही. या दोन तक्रारींचा परस्परांशी काही संबंध असू शकतो का?

सीमास्तर

तक्ते चुकीचे नाहीत, पण ते आपल्या विमानासाठी नाहीत. चार अंकी मालिकेची जी मोजमापे एनएसीएने १९३३ मध्ये प्रसिद्ध केली, ती दाबलेल्या हवेच्या विंड टनेलमध्ये सुमारे ३० लाख रेनॉल्ड्स अंकाला घेतलेली होती. हा अंक म्हणजे वेग गुणिले कॉर्ड, भागिले हवेची गतिक श्यानता (चिकटपणाचे माप); त्यावरून प्रवाह कसा वागेल ते कळते. आपला अंक काढून पाहा: वेग ८, कॉर्ड ०.१२ आणि हवेची गतिक श्यानता सुमारे ०.००००१५ धरली, तर उत्तर ६४,००० येते. म्हणजे आपण मूळ मोजमापांच्या जवळपास पन्नासाव्या भागावर उडत आहात, आणि या दोन टोकांच्या दरम्यान प्रवाहाची वागणूक मुळापासून बदलते.

पंखाच्या वरच्या पृष्ठभागावरचा सीमास्तर, म्हणजे पृष्ठभागालगतचा हवेचा पातळ थर, पुढच्या कडेपासून शांत, स्तरीय असतो. सर्वांत कमी दाबाचा बिंदू ओलांडला की पुढे दाब चढत जातो आणि पृष्ठभागालगतच्या मंद हवेजवळ त्या चढाला तोंड देण्याइतका संवेग उरलेला नसतो, त्यामुळे ती पृष्ठभाग सोडते. मोठ्या विमानात ही वेळ येण्यापूर्वीच सीमास्तर बहुधा संक्षुब्ध झालेला असतो, बाहेरचा वेगवान प्रवाह घुसळून आत आलेला असतो, म्हणून तो चिकटून राहतो. आपल्या वेगाला तो आधी सुटतो, मग हवेत अधांतरी असताना संक्षुब्ध होतो, आणि जमले तर पुन्हा पृष्ठभागाला टेकतो. सुटण्यापासून टेकण्यापर्यंत जी बंदिस्त जागा तयार होते तिला स्तरीय विलगनाचा बुडबुडा म्हणतात.

कळीचा मुद्दा या बुडबुड्याच्या लांबीचा आहे. कारमायकल यांनी दिलेला ठोकताळा असा, की सुटण्यापासून टेकण्यापर्यंतचे अंतर रेनॉल्ड्स अंकात मोजले (कॉर्डऐवजी तेच अंतर धरले) तर ते सुमारे ५०,००० भरते. अंक दोन लाख असेल तर बुडबुडा कॉर्डचा चौथा हिस्सा व्यापतो, पण ६४,००० ला तो तीन चतुर्थांशाहून लांब होऊ पाहतो. पंखावरचा स्थानिक वेग जास्त असल्याने खरी लांबी यापेक्षा काहीशी कमी भरेल, तरी १५ टक्के जाडीच्या छेदावर मागे एवढी जागाच शिल्लक नसते. नाक किंचित वर गेले की विलगन पुढे सरकते, प्रवाह टेकत नाही आणि लिफ्ट कोसळते. एकदा मोकळा झालेला प्रवाह त्याच कोनाला परत टेकत नाही, त्यासाठी कोन आणखी कमी करावा लागतो. आपण वर्णन केलेला हट्टीपणा तो हाच.

घासून गुळगुळीत करण्याचा उपयोग का झाला नाही हेही यातून स्पष्ट व्हावे. इथे गुळगुळीतपणा स्तरीय प्रवाहाला अधिक काळ टिकवतो, आणि तेच तर नको आहे.

जुना_मॉडेलर

वरील विवेचनाशी सहमत आहे. नवा पंख करण्यापूर्वी वरच्या पृष्ठभागावर, पुढच्या कडेपासून २० ते २५ टक्के कॉर्डवर, विस्ताराच्या दिशेने एक टर्ब्युलेटर पट्टी (प्रवाह मुद्दाम लवकर संक्षुब्ध करणारा उंचवटा) लावून पाहावी. मात्र साध्या टेपचा एक थर लावून ‘काही उपयोग नाही’ असा निष्कर्ष काढू नये. आपल्या पंखावर २५ टक्क्यांपाशी सीमास्तर सपाट पट्टीच्या हिशेबाने सुमारे १.२ मिलिमीटर जाड असतो. टेप ०.१ मिलिमीटरचा असेल तर त्याच्या माथ्यावर वारा बाहेरच्या वेगाच्या जेमतेम १४ टक्के असतो, आणि एवढ्याने प्रवाहाला त्याचे अस्तित्वही जाणवत नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या उंचीवर तोच वेग ६५ टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून थर चढवून ती उंची गाठावी; पुढची कड नागमोडी कापली तर उत्तम. पट्टी खरोखर काम करते की नाही हे शांत हवेत, त्याच उंचीवरून सोडून, पट्टीसह आणि पट्टीविना तरंगण्याचा वेळ मोजूनच ठरवावे. पट्टीचा स्वतःचा ड्रॅग असतोच, आणि रेनॉल्ड्स अंक दोन लाखांच्या पुढे गेला की ती बहुधा नुकसानच करते.

संथवारा

दोघांचेही मनापासून आभार. पट्टी लावून पाहतोच. पण मुळात कॉर्ड वाढवून १८ सेंटिमीटर केली, तर रेनॉल्ड्स अंक दीडपट होऊन प्रश्न सुटणार नाही का? आणि नवा छेद निवडताना एक्सफॉइल या छेदांचे गणित करणाऱ्या प्रोग्रामवर कितपत विसंबावे?

सीमास्तर

दीडपट होणार नाही. वजन आणि विस्तार तेच ठेवून कॉर्ड वाढवली की क्षेत्रफळ वाढते, आणि त्याच लिफ्ट गुणांकाला विमान आपोआप हळू उडू लागते. त्यामुळे अंक कॉर्डच्या वर्गमुळाच्या प्रमाणातच वाढतो: १२ चे १८ केले तर ६४,००० चे फार तर ७८,००० होतील. वजन वाढवले तरी वर्गमूळच आड येते. छेद पातळ करणे हा यापेक्षा कितीतरी स्वस्त उपाय आहे. सेलिग-डोनोव्हन यांचा एसडी७०३७ सुमारे ९ टक्के जाडीचा आहे, आणि ड्रेला यांचे एजी मालिकेतील छेद हलक्या, हाताने सोडायच्या ग्लायडरांवर भरपूर वापरले जातात. या छेदांत वरच्या पृष्ठभागावरचा दाब एकदम न चढता सावकाश चढावा अशी रचना असते, म्हणून बुडबुडा पातळ राहतो. पण त्यांनाही रेनॉल्ड्स अंकापासून सुटका नाही. एप्लर ३८७ या छेदाचेच उदाहरण घ्या: दोन लाखांना त्याचा ड्रॅग गुणांक ०.०१ च्या आसपास असतो, तर ६०,००० ला तो दुपटीच्या घरात जातो.

एक्सफॉइल हा ड्रेला यांनीच १९८६ मध्ये लिहिलेला प्रोग्राम असून बुडबुड्याचा अंदाज तो चांगला देतो, परंतु प्रवाह पूर्ण सुटल्यानंतरच्या त्याच्या आकड्यांवर भिस्त ठेवू नये. प्रवाह किती उशिरा संक्षुब्ध होतो हे ठरवणारा एनक्रिट हा आकडा त्यात आपोआप ९ असतो आणि तो सर्वसाधारण विंड टनेलशी जुळणारा आहे. शांत हवेतील ग्लायडरसाठी १२ ते १४ घ्यावा. आकडा वाढवला की संक्षुब्धता उशिरा येते आणि उत्तर अधिक निराशाजनक दिसते, पण आपल्या विमानाच्या बाबतीत तेच उत्तर खरे असण्याची शक्यता जास्त आहे.

जुना_मॉडेलर

शेपटीचा प्रश्न मागे राहिला. तिचा रेनॉल्ड्स अंक सुमारे ३७,००० भरतो, म्हणजे वरचा ठोकताळा लावला तर सुटलेला प्रवाह परत टेकायला तिथे जागाच नाही. १२ टक्के जाडीच्या सममित छेदावर तो दोन्ही बाजूंना मागच्या भागात सुटलेला असतो, आणि शून्य कोनाच्या आसपास कोन थोडा बदलला तरी लिफ्ट त्या प्रमाणात बदलत नाही. विमान एलिव्हेटरची दखल घेत नाही, त्याचे कारण बहुधा हेच. सर्व्होच्या (एलिव्हेटर हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या) जोडणीत ढिलाई नाही एवढे एकदा तपासून घ्यावे, आणि मग तो छेद काढून ३ मिलिमीटर बाल्साची सपाट शेपटी बसवावी. पुढची कड गोल केली आणि मागची निमुळती केली, की झाले.