विषय: शनिवारच्या गुडघ्यांच्या वर्गाला खुर्च्या हव्यात

प्रेषक: योगवर्ग (पर्वरी)

मंडळी, नमस्कार.
गेल्या शनिवारी झालं ते पुन्हा व्हायला नको, म्हणून आजच लिहिते. येत्या शनिवारी सकाळी साडेसातला १४ जण येणार आहेत आणि मला घडीच्या १४ लोखंडी खुर्च्या हव्यात. प्लास्टिकच्या चालणार नाहीत. पावसात खालच्या खोलीतली लादी ओलसर राहते, तिच्यावर प्लास्टिकचे पाय फाकतात. रिबंदरच्या काकूंची खुर्ची तशीच सरकली. त्या भिंतीला टेकल्या म्हणून निभावलं. नाट्यविभागाच्या खोलीत ४० खुर्च्या पडून आहेत. किल्ली कोणाकडे आहे?

प्रेषक: नाट्यविभाग

खुर्च्या पडून नाहीत, रचून ठेवल्या आहेत. तिकीटविक्रीच्या पैशांतून एकेक करून घेतलेल्या आहेत त्या. मागच्या चवथीत आरतीला म्हणून नेल्या, तर सहा वाकून आल्या आणि दोन आल्याच नाहीत. त्याचा हिशेब अजून झालेला नाही. सकाळी साडेसातला मोजून देणार कोण आणि घेणार कोण? वरच्या हॉलची लादी कोरडी आहे, सतरंज्याही आहेत. तिथे खाली बसून करा. योग खुर्चीत बसून करतात हे आम्हांला तरी नवीन आहे.

प्रेषक: रिबंदर

वरच्या हॉलला १९ पायऱ्या आहेत. आमच्या हिला आकडा पाठ आहे, कारण नवव्या पायरीवर ती थांबते. उतरताना कठडा दोन्ही हातांनी धरून आडवी उतरते. सतरंजीवर बसली तर उठवायला दोघं लागतात. वर्ग वर नेलात तर ज्यांच्यासाठी तो सुरू केला तीच माणसं घरी राहतील.

वर्गात शिकवलेली एक गोष्ट ती घरी रोज करते. पलंगावर पाय लांब करून गुडघ्याखाली पंचाची गुंडाळी ठेवायची, गुडघ्यानं ती खाली दाबायची, वाटी मांडीकडे ओढून घ्यायची, पाच मोजायचे, सोडायचं. मी शेजारी बसून मोजतो. पहिल्या आठवड्यात मांडी मळलेल्या कणकेसारखी मऊ लागायची. आता दाबलं की वाटीच्या वर, आतल्या अंगाला, घट्ट उंचवटा येतो. बोटाला कळतो. परवा ती बसथांब्यापर्यंत न थांबता गेली. हे बंद पडू देऊ नका.

प्रेषक: म्हापसा

पायऱ्यांबद्दल: चढताना बरा पाय आधी टाकायचा, उतरताना दुखरा आधी. आमच्या फिजिओनं हे पहिल्याच दिवशी सांगितलं. काकूंना जरूर सांगा.
आणि पंचा कशाला? वज्रासन घालायला सांगा. माझी आई जेवण झालं की दहा मिनिटं वज्रासनात बसायची. शेवटपर्यंत गुडघ्याची तक्रार नव्हती.

प्रेषक: योगवर्ग (पर्वरी)

भाऊ, तुमच्या आईंचे गुडघे जन्मभर जमिनीवर उठबस करून तयार झालेले. आपल्या वर्गातले बहुतेक जण वीस-पंचवीस वर्षं टेबलाशी बसलेले. वज्रासनात गुडघा पुरता मिटतो. आतली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, झिजलेली असेल तर वाटीमागचा दाब तिला सोसत नाही. पद्मासनाचं वेगळं. खुबा बाहेर वळला नाही की सगळा पीळ गुडघ्यावर येतो, आणि गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा, मिटण्या-उघडण्यासाठी आहे. म्हणून दुखऱ्या गुडघ्याला ही दोन्ही आसनं मी आत्ता देत नाही. ज्यांना सोसतं त्यांनी घरी खुशाल करावीत.

नाट्यविभागाला: खुर्ची नवी नाही. अय्यंगार गुरुजींनी खुर्ची, पट्टा, लोड, विटा हे सगळं आसनांत आणलं. पुण्याची त्यांची संस्था १९७५पासून आहे, तिथे आजही लोक खुर्चीवर आसनं करतात. आमच्याकडे खुर्चीच्या कडेला बसून एकेक पाय सरळ करायचा. मग खुर्चीची पाठ धरून ताडासन, आणि वीरभद्रासनात वाकलेल्या पायाची मांडी खुर्चीवर टेकवायची. गुडघा घोट्याच्या वरच हवा, आत पडता कामा नये. तो आत पडतो तेव्हाच दुखतो, आणि खुर्ची असली की मला तो हातानं जागेवर आणता येतो.

झिजलेली कूर्चा आसनांनी भरून येत नाही, हे मी प्रत्येकाला सांगते. मांडी भार घेऊ लागली की दुखणं मात्र उतरतं. वजनाचंही तसंच. भारी अंगाच्या माणसाचं एक किलो उतरलं तर पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो. गुडघा सुजला, गरम लागला, मध्येच अडकला किंवा पडल्यावर दुखायला लागला, तर माझ्याकडे यायच्या आधी डॉक्टरांकडे जा.

प्रेषक: माशेल

चवथीला थोडेच आठवडे उरलेत. फुगडीचं काय? गेल्या वर्षी मी खांबाला टेकून नुसत्या टाळ्या वाजवल्या. बसून घालायची फुगडी सोडली, पण उभ्याची तरी जमेल का? शनिवारी माझं नाव धरा.

प्रेषक: नाट्यविभाग

१९ पायऱ्यांचं वाचलं. ते आमच्या ध्यानात यायला हवं होतं.
माशेलच्या बाई धरून १५ होतात. १६ न्या, एक शिकवणाऱ्यांना. चार खुर्च्यांच्या पायांची रबरी बुचं गेली आहेत, त्यांवर खडूनं फुली मारून ठेवतो. त्या ओल्या लादीवर अजिबात घेऊ नका. किल्ली शुक्रवारी संध्याकाळपासून वॉचमनकडे असेल. मोजायला मी स्वतः सव्वासातला येतो. पाचला तालीम आहे, त्याआधी परत रचलेल्या हव्यात. वाकलेल्या सहांचा हिशेब कमिटीच्या बैठकीत मांडणार आहे, तो विषय संपलेला नाही.

प्रेषक: म्हापसा

बुचं इथे शुक्रवारच्या बाजारात मिळतात. चार खुर्च्यांची १६ लागतील. नळीची जाडी मोजून उद्यापर्यंत कळवा, येताना घेऊन येतो.