मदत हवी आहे: सौर वाऱ्यातले कण एकमेकांवर आदळतच नाहीत, मग तो 'वारा' कसा?

नमस्कार मंडळी,

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. गेल्या आठवड्यात आमच्या विज्ञान मंडळात सूर्याचा अभ्यास करणाऱ्या भारताच्या आदित्य-एल१ यानाबद्दल बोलले. त्यावरची 'सूट' दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची, त्यामुळे मुलं मन लावून ऐकत होती. मग अहमदाबादच्या पीआरएल या संशोधन संस्थेचं 'अ‍ॅस्पेक्स' हे उपकरण सौर वाऱ्यातले, म्हणजे सूर्यापासून सतत बाहेर वाहणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोतातले, कण मोजतं, हे सांगताना फळ्यावर आकडे लिहिले: पृथ्वीजवळ दर घन सेंटीमीटरला जेमतेम ५ प्रोटॉन, वेग सेकंदाला ४०० किमीच्या आसपास, तापमान १ लाख केल्व्हिनच्या घरात.

बारावीतल्या एका मुलीने लगेच विचारलं, "मॅडम, इतके विरळ कण एकमेकांवर आदळणार कधी?" तिथेच ढोबळ हिशेब केला. दोन टकरींमधलं सरासरी अंतर निघालं सूर्य-पृथ्वी अंतराएवढं, म्हणजे १५ कोटी किमी! सूर्यापासून निघालेला प्रोटॉन चार-साडेचार दिवसांत इथे पोचतो आणि वाटेत फार तर एखादी टक्कर होते. "मग त्या सुट्या गोळ्या झाल्या, वारा कशाला म्हणायचं?"

मी "विद्युत-चुंबकीय बलांमुळे" असं काहीतरी म्हणून पुढे गेले. तिने मान डोलावली, पण ते उत्तर नव्हतं हे तिलाही कळलं आणि मलाही. तेव्हापासून ते मनातून जात नाही.

अमेरिकी शास्त्रज्ञ युजीन पार्कर यांनी १९५८ साली सौर वाऱ्याचं गणित मांडलं तेही प्रवाहीची, म्हणजे हवा-पाण्यासारख्या वाहणाऱ्या पदार्थाची, समीकरणं वापरूनच. दोन परीक्षकांनी तो लेख नाकारला होता. नियतकालिकाचे संपादक, खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनाही कल्पना पटली नव्हती, पण गणितात चूक सापडेना म्हणून त्यांनी तो छापला. १९६२ मध्ये मरिनर-२ या अमेरिकी यानाने वारा प्रत्यक्ष मोजला. म्हणजे समीकरणं लागू पडतात. का पडतात, हे मला बारावीच्या मुलीला समजेल असं सांगायचं आहे. जाणकारांनी कृपया मदत करावी. थोडं गणित चालेल.

प्रतिसाद

मॅडम, हवेत टकरी नेमकं काय काम करतात ते आधी पाहू. एका रेणूची 'बातमी' शेजाऱ्याला पोचवायची आणि रेणूला फार लांब भरकटू द्यायचं नाही. सौर वाऱ्यात हे काम चुंबकीय क्षेत्र करतं.

पृथ्वीजवळच्या सौर वाऱ्यात ते साधारण ५ नॅनोटेस्ला असतं, आपल्या पायाखालच्या क्षेत्रापेक्षा हजारो पटींनी क्षीण. पण १ लाख केल्व्हिनच्या प्रोटॉनचा स्वैर वेग सेकंदाला ४० किमी धरा आणि (वस्तुमान गुणिले वेग) भागिले (प्रभार गुणिले क्षेत्र), हे बारावीचंच सूत्र वापरा. प्रोटॉनच्या गोल फेरीची त्रिज्या येते सुमारे ८० किमी, एक फेरी १३ सेकंदांत. १५ कोटी किमीच्या शेजारी ८० किमी! घाण्याचा बैल मधल्या खांबाभोवती फिरतो तसा प्रोटॉन चुंबकीय रेषेभोवती फिरत राहतो, आणि तो अख्खा घाणाच वाऱ्याबरोबर पुढे वाहत असतो. हजारो किमीच्या मापाने पाहिलं की असे असंख्य घाणे मिळून प्रवाहीच दिसतो.

हे झालं रेषेच्या आडव्या दिशेचं. रेषेच्या दिशेने मात्र कण मोकळा असतो. वारा पसरतो तसं क्षेत्र क्षीण होतं आणि आडव्या दिशेचं तापमान, म्हणजे त्या दिशेतली कणांची स्वैर धावपळ, उतरतं. रेषेच्या दिशेचं त्यामानाने टिकून राहतं. दोन्हींतला फरक फार वाढला की जोरात पाणी सोडलेली मोकळी नळी अंगणात वळवळते तशा चुंबकीय रेषा वळवळू लागतात. या अस्थैर्याला नावच 'फायरहोज' आहे. त्यातून उठणाऱ्या लहरी कणांना विखुरतात आणि फरक आवरतात. टकरींचं काम इथे लहरी करतात.

पुरावा हवा असेल तर पृथ्वीसमोर सुमारे ९० हजार किमीवर उभा असलेला धक्कातरंग (वेगवान वारा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर अडतो तिथली सीमा) दाखवा. तिथे सौर वारा एकदम मंदावतो आणि तापतो. नुसत्या टकरींवर हे व्हायचं तर त्या तरंगाची जाडीच सूर्य-पृथ्वी अंतराएवढी लागली असती!

दुसरा प्रतिसाद

वरचं सगळं बरोबर, पण त्या मुलीची शंका अर्धी खरी आहे हेही तिला सांगा. वेगवान सौर वाऱ्यात हीलियमचे केंद्रक प्रोटॉनांपेक्षा चौपट किंवा त्याहूनही जास्त तप्त असतात आणि प्रोटॉनांच्या थोडे पुढेही पळतात. टकरी पुरेशा असत्या तर तापमान सारखं झालं असतं. दाट, संथ वाऱ्यात ते बरंच सारखं होतंही. तेव्हा 'प्रवाही' हे वर्णन ठोकळमानाने खरं. कणांच्या पातळीवर तिचंच म्हणणं बरोबर.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. ८० किमीचं गणित आज त्याच मुलीकडून फळ्यावर करून घेतलं. उत्तर आल्यावर तिने ते दोनदा तपासलं!

पण आता तिचा पुढचा प्रश्न आहे. बाहेरून उष्णता न मिळता वारा पसरत गेला, तर अंतर तिप्पट झाल्यावर तापमान चौथ्या हिश्श्याच्याही खाली यायला हवं. हेलिओस यानांनी १९७० च्या दशकात मोजलं तर ते त्याहून बरंच हळू उतरत होतं. म्हणजे वाटेतही कुणीतरी वारा तापवत आहे. मोठ्या लहरी मोडून लहान होत जातात आणि शेवटी त्यांची ऊर्जा कणांत उतरते, इतकं मी वाचलं आहे. ती उतरते तो क्षण बारावीच्या पातळीवर कसा समजवावा? आणि आदित्यची मोजमापं घेऊन मुलांकडून आलेख काढून घेतले असतील कुणी, तर सुरुवात कुठून केली तेही सांगा. शनिवारी पुन्हा मंडळ भरतंय.