कोबे शहर पायी बघायचंय, रविवारच्या रूटबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, नोव्हेंबरच्या शेवटी ऑफिसच्या कामाने जपानला कोबेला जातेय. हॉटेल सान्नोमिया स्टेशनजवळ आहे. आठवडाभर साईटवरून सुटायला संध्याकाळ होणार, पण मधला रविवार पूर्ण मोकळा आहे. टीममधले बाकीचे क्योटोला चाललेत, मला मात्र कोबेच नीट बघायचंय, कारण नकाशा पाहिल्यापासून हे शहर डोक्यात बसलंय, एका अंगाला रोक्कोचे डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात सगळी वस्ती. तिथले लोक रस्ता सांगतानासुद्धा डोंगराकडे नाहीतर समुद्राकडे असंच सांगतात म्हणे. म्हणून डोंगरातून सुरुवात करून बंदरापर्यंत चालत उतरायचं ठरवलंय.

सकाळी शिन-कोबे स्टेशनच्या मागून नुनोबिकी धबधबा (मोठा ४३ मीटरचा आहे) आणि तसंच वर नुनोबिकीचं धरण. मी पाणीपुरवठ्यात काम करते त्यामुळे हे धरण मला काहीही करून बघायचंय, १९०० साली बांधून झालेलं, जपानमधलं काँक्रीटचं पहिलं ग्रॅव्हिटी धरण (म्हणजे स्वतःच्या वजनावर पाणी अडवणारं), आणि कोबेच्या १९९५ च्या भूकंपातही उभं राहिलं!! मग खाली कितानोत परदेशी व्यापाऱ्यांची जुनी घरं, १९३५ ची मशीद (जपानमधली पहिली), मोत्यांच्या धंद्यासाठी तिथे स्थायिक झालेल्या आपल्याकडच्या जैन कुटुंबांचं मंदिर. पुढे मोतोमाचीच्या बाजारातून, नानकिनमाचीतून (तिथलं चायनाटाउन) बंदरावरचं मेरिकेन पार्क.

तिथे भूकंपात मोडलेला, बोटी लागायच्या त्या धक्क्याचा एक तुकडा, वाकड्या झालेल्या दिव्याच्या खांबांसकट, तसाच जपून ठेवलाय, ते बघायला मला हातात निवांत वेळ हवाय. मी मूळची औसा तालुक्यातली, किल्लारीचा भूकंप सप्टेंबर १९९३ चा आणि कोबेचा त्यानंतर सव्वा वर्षाने, १७ जानेवारीला, दोन्ही पहाटेचे. आमच्या घरात अजून ती रात्र निघते. त्या लोकांनी ती आठवण कशी जपलीय ते स्वतः बघायचंय.

आता अडचण अशी की तेव्हा पाच वाजायच्या आतच सूर्य मावळतो आणि मला धक्का उजेडात बघायचाय. धरणापर्यंत जाऊन परत स्टेशनपाशी यायला रमतगमत किती वेळ धरू? पायऱ्या खूप चढाच्या आहेत का, साधे स्पोर्ट्स शूज चालतील का, आणि एकट्या बाईला सकाळी लवकर त्या वाटेवर सोबत मिळते का? रोक्कोत रानडुकरं आहेत हे माहितीय, या वाटेवर कोणाला दिसली का?

दुसरं जेवणाचं. मी मासेही खात नाही, आणि तिकडे भाज्या घातलेल्या नूडल्सच्या रश्शातही वाळवलेल्या माशाचं दाशी असतं. कितानोच्या आसपास भारतीय हॉटेलं आहेत, पण रविवारी दुपारी चालू असतात का? कोणी जपानीत "मासा नको, दाशीही नको" असं लिहून नेलेलं असेल तर तो मजकूर इथे द्याल का, मी प्रिंट काढून जवळ ठेवेन.

आणि वेळ कमीच पडला तर यातलं काय गाळू? धरण आणि धक्का सोडून काहीही सांगा.