‘कॉन्फिगर करणे’ : संरक्षक रिलेच्या कामात मराठी शब्द कोणता?

प्रश्न

डिजिटल संरक्षक रिले (दोष ओळखून वीजप्रवाह तोडायला लावणारे उपकरण) मॉडबस आरटीयू या तारेवरच्या संदेशपद्धतीने कॉन्फिगर करण्याची कार्यपुस्तिका मराठीत होत आहे. मसुद्यात सगळीकडे ‘विन्यास’ आहे. त्यामुळे ‘रिलेचा पत्ता विन्यासित करा’, ‘ट्रिप संपर्क विन्यासित करा’, ‘५१ चे मूल्य विन्यासित करा’ अशी वाक्ये तयार झाली आहेत (ट्रिप म्हणजे ब्रेकर उघडण्याचा आदेश, ५१ म्हणजे वेळ मोजून चालणारे अतिप्रवाह संरक्षण). पॅनेलसमोर उभ्या तंत्रज्ञाला ती कळतील का? ‘पिकअप’ (संरक्षण जागे होण्याची पातळी), ‘पॅरिटी’ (चूक ओळखण्यासाठीचा जादा बिट), ‘रजिस्टर’ (रिलेत आकडा ठेवण्याची जागा) यांचे काय करावे?

प्रतिसाद

या तीन वाक्यांत तीन वेगळी कामे आहेत. ती वेगवेगळ्या वेळी आणि बहुधा वेगवेगळ्या साधनांनी होतात. एकच क्रियापद वापरले तर त्यांचा क्रम हरवतो.

पहिले काम जोडणीचे : रिलेचा पत्ता, वेग, पॅरिटी, स्टॉप बिट (अक्षराचा शेवट दाखवणारा). हे दर्शनी पटलावरच्या कळांनी किंवा पुढच्या पोर्टवरून आधी करावे लागते, कारण त्याशिवाय मागच्या आरएस-४८५ तारेवर रिले उत्तरच देणार नाही. इथे ‘पत्ता द्या’, ‘वेग निवडा’ पुरेसे आहे.

दुसरे काम नेमणुकीचे : कोणते संरक्षण चालू, कोणत्या संपर्काने ब्रेकर उघडायचा, कोणते इनपुट कशासाठी. हे सहसा उत्पादकाच्या सॉफ्टवेअरमधून फाइल चढवून होते. फाइल स्वीकारताना अनेक रिले पुन्हा सुरू होतात आणि तेवढा वेळ संरक्षण नसते, म्हणून फीडर (ती वीजवाहिनी) बंद असतानाच हे करायचे. ‘संपर्क नेमून द्या’ म्हणावे.

तिसरे काम आकड्यांचे. त्याला सगळे ‘सेटिंग भरणे’ म्हणतात, तेच ठेवावे. मॉडबसवरून खरोखर होते ते मुख्यतः हेच.

प्रतिसाद

वरच्या मताशी सहमत, पण प्रकरणाच्या शीर्षकाला एक नाम लागेलच. ‘मांडणी’ नको, पॅनेलमधल्या उपकरणांच्या जागांसाठी तो शब्द आधीच वापरात आहे. ‘जुळणी’ म्हटले की सुटे भाग जोडणे आठवते. शीर्षकात ‘कॉन्फिगरेशन’ राहू द्या आणि मजकुरात साधी क्रियापदे वापरा.

‘पत्ता’ या शब्दाकडेही लक्ष द्या. तारेवरच्या रिलेचा पत्ता १ ते २४७ मधला असतो, ० सर्वांसाठीच्या संदेशाला राखलेला. रजिस्टरचा पत्ता ही वेगळीच गोष्ट. एकाच पानावर दोन्हींना ‘पत्ता’ म्हटले तर चूक ठरलेली आहे. ‘रिले क्रमांक’ आणि ‘रजिस्टर पत्ता’ असे वेगळे लिहा. ‘रजिस्टर’ला ‘नोंदवही’ तर मुळीच नको.

आणखी एक खुलासा तिथेच हवा. तक्त्यात ४०००१ छापलेले रजिस्टर तारेवर ० या पत्त्याने जाते. काही सॉफ्टवेअर हे एक स्वतः वजा करतात, काही करत नाहीत. शेजारचे रजिस्टर वाचले जाते आणि आकडा विश्वास बसण्यासारखा असतो, म्हणून चूक लवकर सापडत नाही. आधी ज्याचे मूल्य पटलावर दिसते असे रजिस्टर वाचून ताडा, मगच लिहा.

प्रतिसाद

‘पॅरिटी’साठी ‘समता’ सुचवला जातो. तो टाळावा, कारण ‘सम समता’ आणि ‘विषम समता’ लिहावे लागेल आणि ‘विषम समता’ कुणालाच कळणार नाही. ‘सम पॅरिटी’, ‘विषम पॅरिटी’ स्वच्छ आहे. मॉडबसमध्ये मूळ निवड सम पॅरिटीची. पॅरिटी नसेल तर दोन स्टॉप बिट, म्हणजे अक्षर ११ बिटांचेच राहते.

दोन संदेशांमधल्या शांत काळाला ‘विराम’ म्हणावे. तो किमान साडेतीन अक्षरांचा असतो, ९६०० वेगाला सुमारे ४ मिलिसेकंद. कन्व्हर्टरने संदेशाच्या मध्येच अंतर पाडले तर रिले तो तुटलेला समजून सोडून देतो आणि विचारणाऱ्या संगणकाला फक्त ‘उत्तर नाही’ एवढेच दिसते.

पण ‘उत्तर नाही’ची साधी कारणे आधी पाहावीत. ए आणि बी या खुणा सर्व उत्पादक एकाच अर्थाने लावत नाहीत, म्हणून दोन तारा अदलून पाहणे ही पहिली पायरी. १२० ओहमचे रोधक तारेच्या दोन टोकांनाच, मधल्या रिलेंवर नाही. एका पत्त्याचे दोन रिले असतील तर दोघे एकदम बोलतात आणि सीआरसी (संदेश ताडण्यासाठी शेवटी जोडलेली संख्या) चुकते.

प्रतिसाद

‘पिकअप’ला ‘उचल’ नको. ‘उंबरठा’ बसतो : प्रवाह उंबरठ्यापुढे गेला की वेळमोजणी सुरू, वेळ भरली की ट्रिप. हा फरक पुस्तिकेत ठसला पाहिजे, कारण घटनानोंदीत दोन्ही वेगळे येतात. कंसात इंग्रजी नको, शेजारी ‘पिकअप’ एकदा लिहा.

सर्वांत जास्त जागा मात्र ‘मूल्य’ या शब्दाला द्या. मूल्य कशाच्या पटीत? समजा सीटी (प्रवाह कमी करून रिलेला देणारा ट्रान्सफॉर्मर) ४००/१ आहे आणि ५१ चा उंबरठा ०.८ ठेवायचा आहे. तो दुय्यम बाजूला ०.८ अँपिअर, प्राथमिक बाजूला ३२० अँपिअर. रजिस्टर शतांशात असेल तर लिहायचा आकडा ८०. कुणी प्राथमिक अँपिअर समजून ३२० लिहिले तर उंबरठा ३.२ पट होतो, म्हणजे १२८० अँपिअर, आणि १००० अँपिअरच्या दोषाला ५१ हलणारही नाही. रिलेची मर्यादा २.५ असेल तर तो बहुधा अपवाद ०३, म्हणजे मूल्य नाकारल्याचे उत्तर, परत देतो. मर्यादा ४ असेल तर मुकाट्याने स्वीकारतो. म्हणून सेटिंग तक्त्यात चार रकाने ठेवा : प्राथमिक, दुय्यम, पट, रजिस्टरमधला आकडा.

प्रतिसाद

‘लिहिणे’ आणि ‘साठवणे’ हेही वेगळे शब्द हवेत. अनेक रिलेंमध्ये लिहिलेला आकडा आधी तात्पुरत्या जागेत जातो. पुष्टीचा आदेश दिला नाही तर जुने सेटिंगच चालू राहते. शिवाय ३२ बिटांचे मूल्य दोन रजिस्टरांत असते. ते फंक्शन ०६ ने (एकच रजिस्टर लिहिण्याचा आदेश) दोनदा न लिहिता १६ ने (अनेक रजिस्टर लिहिण्याचा आदेश) एकत्र लिहा, नाहीतर मधल्या क्षणी अर्धे नवे, अर्धे जुने मूल्य राहते. कोणते रजिस्टर वरचे हे तक्त्यात पाहा, तो क्रम प्रोटोकॉल ठरवत नाही.

पायऱ्या अशा शब्दांत लिहाव्यात : जुने सेटिंग वाचून जपा, पासवर्ड द्या, चालू नसलेल्या सेटिंग गटात (सेटिंगांच्या दुसऱ्या संचात) लिहा, साठवा, परत वाचून ताडा, गट बदला.

त्यानंतरची तपासणी तारेवरून होत नाही. वरच्या उदाहरणात प्रमाणित व्यस्त वक्र (प्रवाह जास्त तितका वेळ कमी) आणि त्या वेळेला गुणणारा वेळगुणक ०.१ असेल, तर उंबरठ्याच्या दहा पट, म्हणजे दुय्यम बाजूला ८ अँपिअर सोडल्यावर सुमारे ०.३० सेकंदात ट्रिप यायला हवी. जवळपास ३ सेकंद लागले तर वेळगुणकाच्या रजिस्टरमध्ये १० च्या जागी १०० गेले आहेत.