उंदराचा डावा-उजवा मेंदू

काही जण म्हणतात की मेंदूच्या दोन बाजूंची कामं वेगवेगळी असणं, हे डावं-उजवं प्रकरण माणसापुरतंच, उंदराला कशाला हवंय? थोडा असहमत. ('डावा तर्काचा, उजवा कलेचा' हे मात्र मीही सोडून दिलंय.)

ऑक्सफर्डचा २०१४चा प्रयोग बघा. हिप्पोकॅम्पस म्हणजे मेंदूतला आठवणींशी संबंधित भाग, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. त्यात सीए३ नावाचा भाग असतो. तिथल्या पेशी प्रकाश टाकून गप्प करता येतील अशी सोय केली आणि एकेक बाजू बंद करून बघितली. इंग्रजी वाय अक्षरासारखा चक्रव्यूह, एका फाट्याला खाऊ. उजवी बाजू बंद केली तरी उंदीर खाऊची जागा शिकले. डावी बंद केली की रोज सराव करूनही गाडी अडखळायची. गंमत म्हणजे मघाशी कुठल्या फाट्यात जाऊन आलो, ही तात्पुरती आठवण मात्र कुठलीही एक बाजू बंद केली तरी बिघडत होती. म्हणजे 'जागेची स्मृती डावीकडे' असं सरसकट म्हणायचीही सोय नाही.

दुसरं उदाहरण जपानमधल्या कामातलं, मला जास्त आवडणारं. 'आयव्ही' जातीच्या उंदरांत एका जनुकातल्या बिघाडामुळे हृदय डावीकडे की उजवीकडे, हा निव्वळ छापा-काटा असतो. पण हृदय कुठेही असो, हिप्पोकॅम्पस दोन्हीकडे 'उजवाच', म्हणजे डावीकडची रचनाही उजवीसारखीच! २०१०मध्ये त्यांची परीक्षा घेतली, तर जागा शिकायला ते साध्या उंदरांपेक्षा जास्त वेळ घेत होते, काम करताना लागणाऱ्या तात्पुरत्या स्मृतीतही मागे. अर्थात तो जनुक शरीरात इतरत्रही उचापती करतो, त्यामुळे सगळं खापर हिप्पोकॅम्पसवर फोडताना मी जरा हात राखेन.